तावीज, थप्पड आणि बॅटचा वेग

निवड चाचणीच्या आदल्या रात्री पोराच्या दंडाला तावीज बांधला आणि दुसऱ्या दिवशी त्याने चेंडू थेट कुंपणाबाहेर धाडला, असे सांगणारे पालक वऱ्हाडात ठायी ठायी भेटतात. कानाखाली एक ठेवून दिली आणि पुढच्याच चेंडूला बेसबॉलची बॅट फिरवण्याचा ढंग, म्हणजे स्विंग, सुधारला, असे सांगणारे प्रशिक्षकही भेटतात. पहिल्यांना आपण अंधश्रद्धाळू म्हणून हसतो. दुसऱ्यांना कडक शिस्तीचे म्हणून मान देतो. माझ्या मते दोघांचा तर्क एकच आहे आणि चूकही एकच आहे. फरक असलाच तर इतकाच की तावीज निदान दुखत नाही.

अमरावती-अकोल्यात बेसबॉल कुठून आला, असे कुणी विचारेल. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्या चढत आपल्याकडची मुले-मुली हे खेळ खेळतात. १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या शहरात आहे आणि ज्या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली, त्या शहराला कुठलाच खेळ परका असायचे कारण नाही. आणि ज्याला बेसबॉल दूरचा वाटतो त्याने पुढचा सगळा मजकूर क्रिकेटचा म्हणून वाचावा. अमरावतीच्या जितेश शर्माने २७ मे २०२५ रोजी लखनौत ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या, तेव्हापासून आपल्या मैदानांवर ‘जोरात मारायला शिकवा’ ही मागणी वाढली असेल तर नवल नाही. मागणी रास्तच आहे. ती पुरवायची कशी, हा प्रश्न आहे.

आधी त्या तर्काकडे पाहू. घरातला लुडोचा फासा घ्या. एक पडला की फाशाला चांगले झापा आणि पुन्हा टाका. पुढचा आकडा एकपेक्षा मोठा येण्याची शक्यता सहात पाच आहे. म्हणजे बहुतेक वेळा झापल्यावर फासा ‘सुधारलेला’ दिसेल. आता सहा पडला की त्याला शाबासकी द्या. पुढचा आकडा सहापेक्षा लहान येण्याची शक्यताही तितकीच, सहात पाच. म्हणजे कौतुक केले की फासा बहुतेक वेळा ‘बिघडलेला’ दिसेल. तासभर हा उद्योग केला तर शहाणा माणूससुद्धा शपथेवर सांगेल की फाशाला धाक लागतो आणि लाडाने तो शेफारतो. फाशाला मात्र कान नाहीत.

पोराचा स्विंग फाशाइतका आंधळा नसतो, हे खरे. त्यात कौशल्य असते, सराव असतो. तरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे वीस फटके पाहिले तर वीसही सारखे नसतात. काही फार चांगले, काही फार वाईट, बरेचसे मधले. अगदी वाईट फटक्यानंतरचा फटका बहुधा त्याच्या नेहमीच्या पातळीजवळ येतो. आपोआप येतो. प्रशिक्षक नेमका वाईट फटक्यानंतर हात उगारतो आणि पुढचा फटका बरा आला की श्रेय आपल्या हाताला देतो. आई नेमकी पोराचे आठ-दहा दिवस वाईट गेल्यावर मीठ-मोहरी ओवाळते, बाप कुणा महाराजाकडे जातो, आणि पोर नेहमीच्या पातळीवर आले की श्रेय महाराजाला. चांगले चालले असताना कुणी महाराजाकडे जातच नाही. त्यामुळे महाराजाचा डाव कधी फसत नाही.

हे मी शोधून काढलेले नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टनने हा सरासरीकडे परतण्याचा नियम आकडेवारीत मांडला. पुढे डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञाला तोच नियम इस्रायली हवाई दलाच्या विमानचालन-शिक्षकांमध्ये दिसला. शिक्षक म्हणत होते, कौतुक केले की पुढच्या वेळी विद्यार्थी घसरतो आणि ओरडलो की सुधारतो. कानेमानच्या लक्षात आले की शिक्षकांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. या माणसाला २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या मैदानावर हा नियम अजून पोचायचा आहे.

यावर लगेच उत्तर येते, “आम्ही मार खाऊनच घडलो.” हे उत्तर देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यातले अनेक जण खरोखर घडलेले आहेत. पण मोजणी अर्धीच झाली आहे. त्यांच्याबरोबर मार खाणारी जी पोरे दुसऱ्या आठवड्यात मैदान सोडून गेली, ज्यांनी ‘पोटात दुखते’ म्हणून शिबिराला यायचे बंद केले, त्यांना कुणी विचारले? व्यासपीठावर सत्काराला उभा राहतो तो टिकलेला. न टिकलेल्यांचा सत्कार होत नाही, म्हणून त्यांची साक्षही होत नाही. मार खाऊन घडला, की मार खाऊनही घडला, हे एका माणसाच्या आत्मचरित्रावरून ठरवता येत नाही.

पालकांची संमती असते, असाही एक बचाव आहे. “मांस तुमचं, हाडं आमची” म्हणत पोर गुरुजींच्या हवाली करणारा बाप अजून आहे. गेल्या उन्हाळ्यात अमरावतीच्या एका मैदानाच्या कडेला मी उभा होतो. पोर टीवरचा चेंडू मारत होते. टी म्हणजे कमरेच्या उंचीचा रबरी खांब, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. चेंडू खाली गेला की प्रशिक्षक बॅटच्या मुठीने पोराच्या पोटरीवर टोला द्यायचे. शेजारी उभा असलेला बाप अभिमानाने म्हणाला, “हानू द्या मास्तर, काई हरकत नाई. माह्या पोट्ट्याले अक्कल तशीच येते.” पोराने बापाकडे पाहिले आणि मान खाली घातली. पुढचे पाच-सहा फटके त्याने बॅट हळू फिरवून, जपून मारले. चेंडू टीवरून सुटला, सरळ गेला, आणि दोघांचेही समाधान झाले. वेग वाढवायला आणलेले पोर त्या दुपारी वेग कमी करायला शिकले. मार चुकवायचा असेल तर जपून खेळणे शहाणपणाचे, आणि मुले शहाणी असतात.

कायद्याबद्दल वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. शाळेचे मैदान हा शाळेचाच भाग आहे. तिथे चुन्याची रेघ ओलांडली की कायदा संपतो, असा समज असेल तर तो काढून टाकावा.

मग वेग वाढतो कशाने? हा भाग सविस्तर सांगितला पाहिजे, कारण अंधश्रद्धा नुसती खोडून चालत नाही. तिची जागा भरावी लागते.

टोलवलेल्या चेंडूचा वेग कशावर ठरतो याचे गणित आता पक्के झाले आहे. बॅटच्या योग्य जागी चेंडू बसला तर निघणाऱ्या चेंडूच्या वेगात बॅटच्या वेगाचा वाटा सुमारे १.२ पट आणि येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा सुमारे ०.२ पट असतो. म्हणजे पिचरने, चेंडू फेकणाऱ्याने, ताशी दहा किलोमीटर जास्त वेगाने फेकले तर तुमचा चेंडू दोन किलोमीटरने वाढेल. तुम्ही बॅट दहा किलोमीटर जास्त वेगाने फिरवली तर बारा किलोमीटरने. बॅटचा वेग म्हणूनच महत्त्वाचा. आणि वेळ? मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर यांच्यात १८.४४ मीटर अंतर असते. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो. त्यातला मोठा भाग चेंडू ओळखण्यात आणि मारायचा की सोडायचा हे ठरवण्यात जातो. बॅट फिरवायला सुमारे ०.१५ सेकंद उरते. बॅट-चेंडूचा स्पर्श तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. त्या क्षणी मनगट दाबून काही घडत नाही. जे घडायचे ते त्याआधी पायांत आणि कमरेत घडून गेलेले असते.

हे आपल्याकडच्या ‘ताकद लाव’ या आरोळीच्या अगदी उलट आहे. पोर ताकद लावते म्हणजे दात-ओठ खाते, खांदे ताठ करते, मुठी आवळते. ताठ हात हळू फिरतात. वेग जमिनीतून वर येतो. मागचा पाय जमीन ढकलतो, पुढचा पाय रोवला जातो, कंबर आधी वळते, खांदे किंचित मागे राहतात, धडाला पीळ बसतो, तो सुटला की हात आणि शेवटी बॅट ओढली जाते. क्रम बिघडला, खांदे कमरेच्या बरोबरच फिरले, की पीळच बसत नाही. मग कितीही दंड काढलेले असोत, फटक्यात जोर येत नाही. हा क्रम शिकवता येतो, हळूहळू दाखवून आणि पुन्हा पुन्हा करून घेऊन. ओरडून शिकवता येत नाही. ओरडल्यावर अंग ताठ होते, आणि ताठ अंगाचा तोटा नुकताच पाहिला.

इथे कुणी दंड-बैठका आणि मुदगल यांचा विषय काढेल, काढलाच पाहिजे. मुदगल हा आपल्या आखाड्यांचा ठेवा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो उचलला, युरोप-अमेरिकेत त्याचे वेड पसरले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुदगल फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. खांद्याचा सांधा मोकळा आणि बळकट ठेवायला मुदगल उत्तम आहे. बैठकांनी पाय भरतात, आणि पायांशिवाय फटका नाही. तरी मुदगल जड आणि संथ असतो. संथ फिरवण्याच्या सरावाने शरीर संथ फिरवायला शिकते. वेगासाठी नेहमीच्या बॅटबरोबरच तिच्यापेक्षा दहा-बारा टक्के हलकी आणि दहा-बारा टक्के जड बॅट आलटून पालटून, पूर्ण वेगात, मोजक्या वेळा आणि मध्ये विश्रांती घेऊन फिरवावी लागते. तीनशे वेळा फिरवून घेणारा प्रशिक्षक दमसास वाढवतो. पन्नासाव्या फेऱ्यानंतर पोराची बॅट हळू झालेली असते आणि ते तीच हळू बॅट घटवत बसते. परंपरेला नमस्कार करून तिला एक प्रश्न विचारता येतो: तू नेमके काय देतेस? मुदगलाकडे या प्रश्नाचे चांगले उत्तर आहे. दंडावरच्या तावीजाकडे नाही.

आंधळी रूढी ही वऱ्हाडाची मक्तेदारी आहे असेही नाही. अमेरिकेत बॅटर मैदानात जाण्यापूर्वी बॅटच्या जाड भागावर लोखंडी कडे चढवून ती फिरवतात. न्यूयॉर्क यांकीजच्या एल्स्टन हॉवर्डने १९६० च्या दशकात हे कडे लोकप्रिय केले. कडे काढल्यावर बॅट फुलासारखी हलकी वाटते आणि खेळाडूला खात्री वाटते की आता आपण वेगाने फिरवू. मोजमाप केल्यावर बहुतेक अभ्यासांत दिसले की कडे काढल्यानंतरचे पहिले काही स्विंग जास्त वेगाचे नसतात, उलट काही वेळा हळूच असतात. वाटणे आणि असणे यांत फरक निघाला. तरी अनेक खेळाडू अजून कडे चढवतात. कोट्यवधी डॉलरचा खेळाडूही सवयीपुढे बुद्धी गहाण टाकतो. आपण निदान त्यातून धडा तरी घ्यावा.

“मोजमाप मोठ्या शहरातल्या श्रीमंतांना परवडते,” हा पुढचा आक्षेप. ते यंत्र, तो सेन्सर, तो कॅमेरा आपल्याकडे कुठे? आपल्याकडे आहे, खिशात आहे. आज बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो मोशन असतो. टीच्या मागे भिंतीवर किंवा फळीवर खडूने अर्ध्या मीटरवर दोन खुणा करा. मोबाइल विटांवर टेकवून समोरून बॅट आडवी जाताना दिसेल असा ठेवा. बॅटचे टोक पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला किती चित्रे लागली ते मोजा. पाच लागली तर वेळ झाला २४० पैकी ५, म्हणजे सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग. अर्धा मीटर भागिले तेवढा वेळ, म्हणजे सेकंदाला २४ मीटर, ताशी सुमारे ८६ किलोमीटर. चार चित्रे लागली तर ताशी १०८. फळी बॅटच्या जरा मागे असल्याने आकडा काटेकोर येणार नाही, पण रोज त्याच जागी, त्याच खुणांवर मोजला तर आठवड्याचा फरक स्पष्ट दिसतो. आठवीच्या मुलाला हे गणित जमते, आणि जमल्यावर तो स्वतःच मोजायला लागतो. मोबाइलही नसेल तर टीवरून मारलेला चेंडू पहिल्यांदा जमिनीला कुठे टेकला तिथे फक्की टाका आणि पावले मोजा. वहीत तारीख, दहा फटके, दहा आकडे, त्यांची सरासरी. एवढीच साधने.

या वहीचे काम निव्वळ वेग मोजण्याचे नाही. ती तावीज आणि थप्पड दोघांनाही साक्षीला उभे करते. तावीजापूर्वीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे शेजारी ठेवा. मारापूर्वीचे आणि मारानंतरचे ठेवा. एका फटक्यावरून निकाल देणे बंद होईल. ज्यांना आपल्या पद्धतीवर विश्वास आहे त्यांनी वहीला घाबरायचे कारण नाही.

“अहो, पण तावीजाने बिघडते काय? पोराला धीर येतो.” हा आक्षेप सौम्य आहे आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. धीर येतो हे मला मान्य आहे. अमेरिकेचा नामांकित बॅटर वेड बॉग्ज प्रत्येक सामन्यापूर्वी कोंबडीच खायचा. मैदानात उतरताना जमिनीला हात लावून कपाळाला लावणाऱ्या मुलाशी माझे काही भांडण नाही. ती त्याची एकाग्रतेची रीत आहे. बिघडते ते वेगळ्या ठिकाणी. पोराचा खेळ महिनाभर ढासळला आणि घराने ‘नजर लागली’ असे निदान केले की खरे निदान थांबते. बॅट वयाच्या मानाने जड आहे का, पाठ दुखते का, झोप होते का, फळ्यावरची अक्षरे दिसतात का? चष्म्याची गरज असलेल्या मुलाला चेंडू उशिरा दिसतो आणि तो उशिरा फिरवतो. यावर उपाय डोळ्यांच्या डॉक्टरकडे आहे. लिंबू-मिरचीला दिलेला महिना त्या मुलाच्या हंगामातून वजा होतो. आणि ज्या मुलाला तावीजानेच धीर येतो त्याचा तावीज चाचणीच्या दिवशी घरी राहिला, की धीरही घरीच राहतो.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटलेले नरेंद्र दाभोलकर हे शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे कर्णधार होते, शिवछत्रपती पुरस्काराचे मानकरी होते, हे आपण फार कमी वेळा आठवतो. खेळाडू असणे आणि प्रश्न विचारणे यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतर राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. आपल्या अमरावतीच्या विद्यापीठाला तर नावच गाडगेबाबांचे आहे. नवसाला आणि बळीला खराट्याने झाडून काढणाऱ्या माणसाच्या नावाच्या प्रमाणपत्रासाठी आपण मुहूर्त पाहून मुलांना चाचणीला पाठवतो.

मुलींच्या बाबतीत तर हा गोंधळ दुप्पट आहे. ‘मुलीच्या अंगात जोर कुठला’ हे वाक्य अजून ऐकू येते. जोर पायांतून, कमरेच्या वळणातून आणि क्रमातून येतो हे एकदा मान्य केले की हे वाक्य निराधार ठरते. मुलींच्या सॉफ्टबॉलकडे एक नजर टाकली तरी पुरे. आणि जिथे दसऱ्याला खेळाच्या साहित्याची पूजा करताना पाळी आलेल्या मुलीला बाजूला उभे करतात, तिथे त्या पूजेला काय म्हणायचे? वर्षभर जी बॅट तिने हातात धरली ती त्या दिवशी तिच्या स्पर्शाने बाटते? अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली याच शहरात सत्याग्रह उभा राहिला. पंजाबराव देशमुख त्यात अग्रभागी होते. शंभर वर्षे होत आली. देवळाच्या दारातून हटवलेला विटाळ मैदानाच्या फाटकातून परत आत घेऊ नये.

उन्हाचेही असेच. आपली शिबिरे एप्रिल-मे मध्ये, कारण तेव्हा शाळेला सुटी असते. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाला १४४ कलम लावून भर दुपारच्या शिकवण्यांवर बंधने आणावी लागली. त्याच जिल्ह्यात ‘सरावात पाणी प्यायले की पोट दुखते, दम कमी होतो’ म्हणून मुलांना तासभर तहानलेले ठेवणारे लोक आहेत. हा कणखरपणा म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सराव सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी. यात वाद घालण्यासारखे काही नाही.

खाण्याचे थोडक्यात. स्नायू प्रथिनांनी बनतात. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. दरम्यान ‘अंडे नको, सोवळे मोडते’ म्हणणारे एखादे घर हजारो रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबा मात्र खुशाल आणते. अंडे नको असेल तर नको. पण अकोल्याच्या डाळमिलांतून निघणारी तूरडाळ आणि सभोवार पिकणारे सोयाबीन, ज्यात जवळपास चाळीस टक्के प्रथिने असतात, ती तरी पोराच्या ताटात पडू द्या. आपण पिकवतो, विकतो, भावावरून आंदोलन करतो, आणि खायचे विसरतो.

आता एक इशारा, आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांना आहे. तावीज सोडून आकड्याच्या पायावर लोळण घेणे ही नवी भक्ती आहे. वेग, वेग, वेग असा जप करणाऱ्या अमेरिकेची अवस्था पाहावी. तिथे लहान वयात वर्षभर एकच खेळ, एकच फेक, आणि मग कोपराचा अस्थिबंध फाटलेली किशोरवयीन मुले शस्त्रक्रियेच्या टेबलावर. १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा झालेली ती शस्त्रक्रिया आता मुलांवर होते. व्यावसायिक बेसबॉलच्या यंत्रणेने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही वेगाच्या हव्यासावर बोट ठेवले. त्यांच्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ पासून मुलांच्या फेकी मोजून मर्यादा घातल्या. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ च्या वर फेकू देत नाहीत. मुलांच्या बॅटींची उसळी लाकडी बॅटीइतपतच राहावी, म्हणून २०१८ पासून त्या बॅटींवरही मर्यादा आल्या. आपल्याकडे प्रशिक्षकाच्या हातात यातल्या कशाचीही वही नसते. पाठ दुखते म्हणणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला ‘बहाणे करू नको’ म्हणणे आणि त्याला फिरवत ठेवणे हा गुन्हाच मानला पाहिजे. वाढत्या वयात वारंवार पिळवटलेल्या मणक्याला तडा जाऊ शकतो.

आणि जोर म्हणजेच सगळे नव्हे. बॅटच्या वेगाचे आकडे २०२४ मध्ये अमेरिकेत जाहीर झाले तेव्हा जियानकार्लो स्टँटन ताशी सुमारे १३० किलोमीटरने सर्वांच्या वर होता, सरासरी सुमारे ११५ निघाली, आणि सुमारे १०० वर, तळाशी, लुइस अराएझ होता. हाच अराएझ २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे आपल्या लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. चेंडू ओळखणे, बॅटचा नेमका भाग चेंडूला लावणे, हेही मोजता येते आणि तेही शिकवता येते. सुकड्या पोराला ‘तुझ्यानं होणार नाही’ म्हणून घरी पाठवणाऱ्याने हा आकडा पाहून घ्यावा.

शेवटी ढोंगाबद्दल. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत. दोन्ही सवलती चांगल्या आहेत. पण प्रमाणपत्र हेच ध्येय झाले की मैदानावर काय शिकवले जाते हे कुणी विचारत नाही. न खेळलेल्यांच्या हातात क्रीडा प्रमाणपत्रे आल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत. असे प्रमाणपत्र घेणारा बाप आपल्याच गल्लीतल्या एका खऱ्या खेळाडूची जागा खातो, आणि तोच बाप घरी पोराला प्रामाणिकपणा शिकवतो. तावीज बांधणारा निदान स्वतःला फसवतो. हा दुसऱ्याला फसवतो, आणि तेही शिक्का मारून. बेसबॉल-सॉफ्टबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये परत येत आहेत. तिथे पोचायचे तर प्रमाणपत्र चालत नाही. तिथे बॅट फिरवूनच दाखवावी लागते.

येत्या सुटीत तुमचे मूल कुठल्या तरी शिबिरात जाईल. नाव घालण्यापूर्वी प्रशिक्षकाकडे नोंदवही मागा. मुलांचा वेग, अंतर, फेकी, विश्रांतीचे दिवस कुठे लिहितात ते पाहा; मैदानावर पाण्याचा ड्रम आणि सावली आहे का ते पाहा. वही नसेल तर एक नवी घेऊन द्या आणि पहिल्या पानावर पोराच्या हातून तारीख लिहून घ्या. आणि कुणी तुमच्या पोरावर हात टाकला, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी कळवा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.